दुपारचं दुसरं ताट

दुःखात माणूस वाळतो, असं मी आयुष्यभर वाचत आलो होतो. गेल्या श्रावणात माझी पत्नी गेली आणि होळीपर्यंत माझं वजन अकरा किलोंनी वाढलं.

याचं वाईट वाटण्याआधी मला नवल वाटलं. मी बुलढाण्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. घरात आता एकटा असतो. भेटायला येणारे लोक दारातच जरा थबकायचे. चेहऱ्यावर आणलेली हळहळ आता कुठे ठेवावी, हे त्यांना कळत नसे. एक सहकारी म्हणाले, "सर, तब्येत चांगली ठेवली तुम्ही," आणि स्वतःच ओशाळले.

होळी झाली आणि बेंबीपाशी सुपारीएवढा फुगवटा दिसू लागला. खोकलं की वर यायचा, आडवं झालं की आत जायचा. मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयाने लहान होत्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या.

"हर्निया आहे, काका. ऑपरेशन करावं लागेल, पण आत्ता नाही. पोटावर इतकी चरबी असताना आत जाळी बसवली, तर पुन्हा उसवण्याची भीती असते. सहा किलो कमी करून या. पावसाळ्याच्या तोंडाशी करू."

"आणि मध्येच काही झालं तर?"

"आतडं अडकलं तर रातोरात धावपळ होईल. म्हणून टाळू नका. पण घाईही करू नका. महिन्याला दोन किलो, बस. उपास नाही करायचे, उन्हात चालायचं तर नाहीच. घरी कोण असतं?"

"मीच."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

त्यांनी जे करू नका म्हटलं होतं, ते दोन्ही मी केलं. रात्रीचं जेवण सोडलं आणि सकाळी नऊ वाजता, ऊन चांगलं तापल्यावर, तासभर चालायला लागलो. बुलढाणा उंचावर, बाकी वऱ्हाडापेक्षा थंड, या आमच्या जुन्या अभिमानावर माझी भिस्त होती. आठव्या दिवशी रस्ता डोळ्यांसमोर पिवळा झाला आणि मी एका रसवंतीच्या बाकावर जवळजवळ कोसळलोच. रसवंतीवाल्याने मला ओळखलं नाही, पण चष्मा पाहून गुरुजी ठरवून टाकलं. "बसा गुरुजी, उठू नका," म्हणत त्याने मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी आणून दिलं, आणि मी ते पूर्ण संपवेपर्यंत समोरून हलला नाही.

पुढच्या खेपेला काटा एक किलो कमी दाखवत होता. डॉक्टर मुळीच खूश झाल्या नाहीत. "हे वजन नाही गेलं, पाणी गेलं. पहाटे साडेपाचला चाला, ऊन यायच्या आत घरी. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. ताक, काकडी, भाज्या. दोन्ही वेळा जेवा. आता सांगा, जेवता काय?"

"दुपारी दोन भाकरी, वरण, भाजी. रात्री एक भाकरी."

"इतकंच?"

"इतकंच."

मी खोटं बोलत नव्हतो. निदान माझी तशी खात्री होती.

तीन आठवडे सगळं पाळलं. पहाटेचं चालणं मला आवडूही लागलं. पण वजन दीड किलो उतरून तिथेच अडलं. माझ्यासारखा माणूस अशा वेळी करतो ते मी केलं. आहारावरची ग्रंथालयातली सगळी पुस्तकं घरी आणली. त्यात सगळं होतं, फक्त माझं पोट नव्हतं. कधीकधी ग्रंथालयात एखादं पुस्तक कपाटात असतं, पण नोंदीत कुठेच नसतं. ते आलं कुठून, याचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझ्या पोटावरच्या चरबीबद्दल मला तसंच कुतूहल वाटू लागलं.

अक्षय तृतीया, म्हणजे आमच्याकडची आखजी, चार दिवसांवर आली होती. माझी मोठी बहीण देऊळघाटला असते. त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. बाजारात माल देऊन ती थैलीभर काकड्या घेऊन घरी आली. दुपार झाली होती. मी तिला वाढलं, स्वतः जेवलो, ताटं उचलली. मग गच्चीवर गेलो, तिथलं ताट घेऊन खाली आलो आणि ओट्यापाशी उभा राहून खाऊ लागलो.

"हे काय करून राह्यला?" मागून ताईचा आवाज आला.

"तिचं ताट आहे."

"ते दिसून राह्यलं मले. तू काऊन खाऊन राह्यला?"

"टाकायचं कसं? दिवाळीपर्यंत गल्लीत गाय यायची, तिला घालायचो. तिच्या मालकाने घर बदललं. कावळे इकडे फार येत नाहीत."

"मंग तूच कावळा झाला काय?"

मला हसू फुटलं आणि घास घशात अडकला. खोकताना हात आपोआप बेंबीवर गेला. ताईने पाणी दिलं, पण ती हसत नव्हती.

"कधीपासून चालू हाये हे?"

"तेराव्यापासून."

"रोज?"

"रोज."

"अरे बाप्पा! रोज घास ठेवते लोक. घास! ताट तेराव्याले असते, श्राद्धाले असते. रोज ताट कोण ठेवते?"

"मला कोणी सांगितलं नाही."

"इतके पुस्तकं वाचले, त्यात एवढं नाही सापडलं तुले?" मग तिने ताटात वाकून पाहिलं. "आन् हे काय? शेवया, तूप, गूळ, दोन पोळ्या. ती बिचारी एवढं जेवे कधी? चतकोर भाकर खाये अन् उठे."

खरं होतं. माझी पत्नी कमी आणि सावकाश जेवायची. तेराव्याला ताट वाढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढलं, आणि ते बंद कधी करायचं हे न कळल्यामुळे चालूच राहिलं. शिवाय महिन्यागणिक ते मोठं होत गेलं. एक दिवस तूप वाढवलं, ते कमी करायला जीव धजेना. मग गूळ. मग तिला शेवया आवडायच्या, म्हणून शेवया. माझी भाकरी मी बसून खात असे. हे मात्र उभ्यानेच, दोन मिनिटांत, भांडं रिकामं करावं तसं. त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला हे आठवलंसुद्धा नाही. ते तिचं जेवण होतं. माझ्या पोटात गेलं तरी तिचंच होतं.

शरमेपेक्षा मला आश्चर्य जास्त वाटलं. ज्या गोष्टीचा मी इतके दिवस पुस्तकांतून शोध घेत होतो, ती रोज दुपारी माझ्याच हातात होती.

"मग बंद करू?" मी विचारलं.

ताईने ताट माझ्या हातातून काढून घेतलं, उरलेल्या शेवया एका डब्यात घातल्या आणि म्हणाली, "बंद नको करू. घासावर आण."

आखजीला ती पुन्हा आली. वर्षाच्या आत आलेली पहिली आखजी, म्हणून नवी घागर भरली, वर खरबूज आणि आंबा ठेवला. शेजारच्या वहिनींना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कुरडया, आंब्याचा रस, सगळं साग्रसंगीत. माझ्यापुढे ताईने एक वाटी रस ठेवला. "दुसऱ्यांदा मागशील तर हात तोडीन." शेजारच्या वहिनी पदराआड हसल्या.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. घरात मी एकटा होतो. सवयीने परातीत पीठ घेतलं आणि कळलं की ते दोघांचं आहे. एक मूठ परत डब्यात टाकली. थोडा वेळ उभा राहिलो, मग आणखी एक मूठ टाकली. भाकरीचा तुकडा आणि भाजी, एवढाच घास गच्चीच्या कठड्यावर ठेवून आलो. खाली येताना हात रिकामे होते आणि जिना नेहमीपेक्षा लांब वाटला.

साडेचारच्या सुमाराला पोटात काहीतरी होऊ लागलं. मला वाटलं, आतडं अडकलं. घाबरून पलंगावर आडवा झालो, बेंबीपाशी दाबून पाहिलं. दुखत नव्हतं. गाठ निमूट आत गेली. तरी आत काहीतरी ओढत होतं, पोकळ, जुनं, ओळखीचं. पाच-सात मिनिटांनी लक्षात आलं की मला भूक लागली आहे. कितीतरी महिन्यांत लागली नव्हती. मला ती आठवतही नव्हती.

उठून काकडी चिरली, मीठ लावलं आणि खुर्चीवर बसून खाल्ली. अर्धी झाली आणि रडू आलं. तेराव्यापासून मी रडलो नव्हतो, हेही मला तेव्हाच कळलं. मग उरलेली अर्धीही खाल्ली.

त्यानंतर वजन हळूहळू, पण न अडता उतरत गेलं. घामाने गेलेलं आणि खरं गेलेलं वजन वेगळं असतं, ते मला आता विजारीच्या नाडीवरून समजू लागलं.

मृग लागला तेव्हा दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहिलो. सव्वापाच किलो उतरलं होतं.

"पाऊण किलो मी सोडते," डॉक्टर म्हणाल्या. "बंद काय केलंत?"

"दुपारचं एक जेवण."

"काका! जेवण चुकवू नका म्हटलं होतं ना?"

"चुकवलं नाही. दोनदा जेवत होतो."

त्यांचं पेन थांबलं. "हे मला तेव्हा का नाही सांगितलं?"

"मलाच माहीत नव्हतं."

त्या हसल्या. मग माझ्याकडे पाहून हसायच्या थांबल्या. ऑपरेशनसाठी गुरुवार दिला. सोबत कोण असेल, म्हणून विचारलं. मी बहिणीचं नाव सांगितलं.

पायऱ्यांवर येऊन ताईला फोन लावला.

"गुरुवारी? मंग मी बुधवारीच येतो. ऑपरेशन झाल्यावर काय खायाचं, ते विचारलं काय तिले?"

"नाही."

"काय माणूस हाये! फोन ठेव आन् आत जा. नीट विचारून ये, काय आन् किती."

मी पुन्हा आत गेलो. रांगेत माझ्यापुढे तिघं होती. मी बाकावर जाऊन बसलो.