छपराखालचा बटाटा

समजा, तुमच्या हातात एक मोठा बटाटा आहे. तो मधोमध कापायचा. एका फोडीत चमच्यानं खळगा करायचा आणि त्यात सुपारीएवढा राखाडी गोळा बसवायचा. गोळा पाऱ्याचा, पण त्याच्या पोटात सोन्याची धूळ आहे. दुसरी फोड वर ठेवून तारेनं घट्ट बांधायचं, निखाऱ्यात सरकवायचं. तासाभरात पारा उडून जातो आणि खळग्यात सोन्याचा खडबडीत मणी उरतो.

इशबेल डनेटनं हे आठ हिवाळे केलं.

न्यूझीलंडमधल्या ओटागोतल्या त्या खोऱ्यात सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा तिचे आजोबा तरुण होते. हजारो माणसं आली, नदीचे काठ उलटेपालटे केले आणि पुढच्या नदीकडे निघून गेली. दगडगोट्यांचे ढीग तेवढे मागे राहिले. पुढं मंदीत तिच्या नवऱ्याची, वॅटीची नोकरी गेली, तेव्हा तो आणि इशबेल त्याच ढिगांवर आले. वॅटी लाकडी पन्हळीतून वाळू धुवायचा. तळाशी सोन्याबरोबर पाऱ्याचे थेंबही सापडायचे, सोन्याची धूळ पकडायला पारा वापरणाऱ्या त्या जुन्या माणसांच्या हातून सांडलेले.

"तुझ्या आजोबांनी नातजावयासाठी पुरून ठेवलाय," वॅटी म्हणायचा.

बटाट्याची रीत आजीची. आजी मात्र तो अंगणात भाजायची, वारा पाठीशी घेऊन. "छपराखाली भाजलं की सोनं घर सोडून जातं," एवढंच सांगायची. शेकोटीच्या पलीकडे, धुराच्या बाजूला आजोबा पाईप ओढत बसलेले असायचे.

पहिल्याच जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, बादलीतल्या पाण्याचा दगड झाला. वॅटी हसत म्हणाला, "अगं, आण तो बटाटा आत. सोन्याला काय पाय फुटलेत घर सोडून जायला?"

तिनं बटाटा चुलीत सरकवला, दार लावून घेतलं आणि गाईचं दूध काढायला गेली. वॅटी चुलीसमोर हात शेकत बसला. पुढं तशीच सवय पडली.

आठव्या हिवाळ्यात वॅटीचे हात थरथरू लागले. वाळूतलं सोनं निवडायला परातीत शेवटचं पाणी फिरवताना हात स्थिर लागतो. त्याच्या परातीतून सोनं परत नदीत जाऊ लागलं. कुणी आलं की तो गोठ्यामागे जाऊन उभा राहायचा. शेजारचा आर्ची एकदा म्हणालाच, "काय रे वॅटी, चहा पितोयस की जमिनीला पाजतोयस?" पूर्वीचा वॅटी यावर काहीतरी खमंग बोलला असता. या वेळी त्यानं कप फेकला.

लग्नातसुद्धा दारूला ओठ न लावलेला माणूस. तरी इशबेलनं गवताच्या गंज्या उपसल्या, पलंगाखाली पाहिलं. आजोबांचेही हात असेच थरथरायचे, आणि सगळं खोरं म्हणायचं, व्हिस्की.

"खरं सांग, कुठं लपवतोस?"

"काय?"

"बाटली."

 तो उठून बाहेर गेला.

शेवटी तिनं त्याला गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हिरड्या पाहिल्या, नाव लिहायला सांगितलं. वॅटीची अक्षरं कागदभर भरकटली.

"घरात पारा वापरता?"

इशबेलनं बटाट्याचं सांगितलं. चूल कुठं, खिडक्या किती, डॉक्टर विचारत गेले.

"पारा उडून जात नाही, बाई. त्याची विषारी वाफ होते, आणि समोर बसलेला माणूस ती ओढतो. आता हे बंद. हात कितपत सुधारतील, मला सांगता येणार नाही."

घरी येताच तिनं दारं-खिडक्या सताड उघडल्या. गारठा आत शिरला. वॅटी घोंगडं गुंडाळून विझलेल्या चुलीपासून दूर बसला.

"मग," तो म्हणाला, "सापडली का बाटली?"

ती त्याच्या पायाशी बसली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत गच्च धरले. ते तिथंही थरथरत राहिले.

तिला आठवलं, भाजलेला बटाटा आजी कधी डुकरांना टाकत नसे. खोल खड्ड्यात पुरून वर सपाट दगड ठेवायची. म्हणजे तिला ठाऊक होतं का? आणि ठाऊक होतं, तर धुरात बसलेल्या आजोबांना ती एकदाही "उठा" का म्हणाली नाही?