शेलारकाकांचा ओठ

आमच्या सोसायटीत कुणी ‘यार, आज तो मेरा बैंड बज गया’ म्हणालं, की शेलारकाका लिफ्टमधून मधल्याच मजल्यावर उतरत आणि उरलेले मजले जिन्याने चढत. गुडघे दुखत असले तरी. दिल्लीतल्या द्वारकेत राहायचं आणि हे वाक्य ऐकायचं नाही म्हणजे कठीणच, पण हट्ट तो हट्ट. काका मूळचे साताऱ्याकडचे. फौजेच्या बँडमध्ये बिगुल आणि कॉर्नेट वाजवून निवृत्त झालेले, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत.

“बँडवाला म्हणजे कोण, सांग,” त्यांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं होतं.

“वरातीत नाचवतो तो,” मी म्हणाले.

“बिल्कुल नाही. लढाई लागली की बँडवाला बाजा खाली ठेवतो आणि स्ट्रेचर उचलतो. जखमी आणायला जातो.” एवढं बोलून ते वळले आणि आपल्या घरात गेले. मला वाटलं, माझ्या उत्तराचा राग आला.

माझी मुलगी दिल्लीतच वाढलेली, तिला फुंकून वाजतं ते सगळं ट्रम्पेट. काका तिला समोर बसवून शिकवत. “तुतारी वाजली म्हणजे पाहुणा आला. शिंग फुंकलं म्हणजे भांडण काढलं. भोंगा वाजला की गिरणी सुटली, आणि तोंडाचा भोंगा म्हणजे तुझी आई.” मी स्वयंपाकघरातून ऐकत असे, हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. टीव्हीवर निवडणुकीचा बिगुल वाजला की त्यांचा पारा चढे. “बिगुल वाजला की माणसाने काहीतरी करायचं असतं. उठायचं, जेवायचं, धावायचं. यांचा वाजतो आणि हे नुसते बोलत बसतात.” लास्ट पोस्ट म्हणजे मेल्यावर वाजवतात ती धून, असं मी एकदा म्हणाले. त्यावर ते हळू आवाजात म्हणाले, “ती बराकीत रोज रात्री वाजते. पहारे लागलेत, दिवस संपला, झोपा आता. गेलेल्या माणसालाही तेवढंच सांगायचं असतं.”

दर भाऊबीजेला काका गाझियाबादला जात. तिथे वत्सलाताई मुलाकडे राहतात. त्यांचे यजमान नामदेव हे शेलारकाकांच्याच बँडमधले, सीमेवर लढाईत मारले गेले. आधी त्या काकांना भाऊजी म्हणत. नामदेव गेल्यानंतर दादा म्हणू लागल्या आणि ओवाळू लागल्या. काकांचे गुडघे फारच धरायला लागले तेव्हा सोबतीला मी जाऊ लागले. पाटावर बसले की काकांची मान खाली जायची. वत्सलाताई दरवेळी म्हणायच्या, “आमच्या ह्यांना गावात अग्नी दिला तेव्हा दादांनी काय बिगुल वाजवला होता! अख्खं गाव रडलं, पण दादांचा सूर हलला नाही.” परतताना काका मेट्रोत वैशाली स्टेशनपासून द्वारकेपर्यंत अक्षर बोलत नसत.

गेल्या भाऊबीजेला मात्र जातानाच बोलले. मेट्रोत आम्हाला जागा मिळाली होती.

“नामदेव गेला त्या दिवशी स्ट्रेचरची पाळी माझी होती. थंडीने माझा ओठ फाटला होता. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब यायचे होते, बिगुल मलाच वाजवायचा होता. मी म्हटलं, ओठ फार दुखतोय, ताप येईल असं वाटतंय. नामदेव म्हणाला, तू ओठ सांभाळ, मी जातो.” काका खिडकीबाहेर बघत होते. “ओठ फाटला होता, खरं आहे. पण इतका नव्हता. मी भ्यायलो होतो. मग त्याच ओठाने त्याला लास्ट पोस्ट वाजवली. सूर हलला नाही, कसा हलेल? ओठ धडधाकट होता. सगळ्यांनी कानांनी ऐकलं, आणि कुणाला काही कळलं नाही. आज तिला सांगणार आहे.”

“काका, इतक्या वर्षांनी कशाला?” मी म्हणाले.

“ती मला दादा म्हणते म्हणून.”

त्यांनी खरंच सांगितलं. वत्सलाताईंच्या हातात तबक होतं, निरांजन लावलेलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तबक देवापाशी ठेवलं आणि आत गेल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी आम्हाला जेवायला वाढलं, काकांना पोळीवर तूपही घातलं, पण ओवाळलं नाही. निघताना दारात म्हणाल्या, “पुढच्या वर्षी या. ओवाळेन की नाही, ते आज सांगता यायचं नाही.”

परतीच्या गाडीत मीच रडवेली झाले होते. काका म्हणाले, “चलो, बरं झालं. इतकी वर्षं तिच्याकडून चोरून ओवाळून घेत होतो.” पण त्यांचा हात सारखा ओठाकडे जात होता. त्यानंतर वर्षभर मी त्यांना कॅलेंडरची पानं उलटून भाऊबीज शोधताना पाहिलं आहे. गणपती झाल्यावर त्यांनी मला नवा सदरा आणायला लावला, पांढरा नको म्हणाले.

नवरात्रात एका सकाळी काका गेले. झोपेतच. वत्सलाताईंना फोन मी केला.

ऐकून त्या म्हणाल्या, “मी ओवाळणार होते गं. उन्हाळ्यातच ठरवलं होतं. कळवायला दिवाळीची वाट कशाला बघत बसले मी?”

त्या फोन ठेवत नव्हत्या, आणि मलाही ठेववत नव्हता.