मी न दिलेला इंटरव्ह्यू

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात कधी कोणी उतारा टाकला नाही, कोणाच्या अंगात आलं नाही. बाबा रेल्वेच्या रुळांवर काम करायचे, सगळी नोकरी लाईनवर चालण्यात गेली. ते म्हणतात, "रुळावर मले साप दिसले, रानडुक्करं दिसले... भूत काई दिसलं नाई." मीही त्याच मताची आहे. अजूनही. म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली. यात घाबरण्यासारखं तसं काही नाही — जे झालं ते भर दुपारी झालं.

आमचं घर तिगावला. पांढुर्ण्याजवळचं, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लागणारं, नागपूर–इटारसी लाईनवरचं लहानसं स्टेशन. बीए मी पांढुर्ण्याला केलं आणि नंतर दोन वर्षं एका खाजगी शाळेत शिकवलं. मला एमए करायचं होतं, भाषाशास्त्रात. आमच्याकडे हा विषय कोणाला सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला — "म्हणजे मराठी का हिंदी?" दक्षिणेकडच्या एका विद्यापीठात (नाव मुद्दाम लिहीत नाही) अर्ज केला. पहिल्या वर्षी नकार आला. दुसऱ्या वर्षी पुन्हा भरला आणि घरात ठरलं की हा शेवटचा. काटोलचं एक स्थळ आलं होतं, त्यांना बाबांनी "जुलैत कळवतो" असं सांगून ठेवलं होतं.

मे महिन्याच्या शेवटी मेल आला. शॉर्टलिस्टमध्ये नाव होतं! ऑनलाईन इंटरव्ह्यू, जूनमध्ये, सकाळी अकरा चाळीसला.

तिगावला आमच्या घरात नेट टिकत नाही. म्हणून ठरवलं की इंटरव्ह्यू पांढुर्ण्याला, रोहिणीच्या घरून द्यायचा. रोहिणी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. आदल्या दिवशी जाऊन तिच्या लॅपटॉपवर माझा मेल उघडून ठेवला, कॅमेरा-माईक तपासला. त्याच दिवशी सकाळी माझा मोबाईल पाण्याच्या टाकीत पडला होता, तो पांढुर्ण्याच्याच एका दुकानात दुरुस्तीला टाकला. दुकानदार म्हणाला, उद्या दुपारी घेऊन जा. हे सगळं बारकाईनं सांगते आहे कारण पुढे त्यालाच महत्त्व आहे.

इंटरव्ह्यूच्या दिवशी बाबा मोटारसायकल घेऊन सौंसरला मावशीकडे गेले होते. मी नऊ वाजता रस्त्यावर येऊन उभी राहिले. ऑटो येईना. मग कळलं, पुलाच्या अलीकडे एक ट्रक आडवा झाला आहे आणि रस्ता बंद आहे. स्टेशनवर पळत गेले. पॅसेंजर मागेच कुठेतरी थांबवून ठेवली होती, मालगाड्या काढत होते. दहा वाजले... साडेदहा... अकरा.

प्लॅटफॉर्मवर एका काकांना विनंती केली, त्यांनी मोबाईल दिला. मेल उघडायला गेले तर ओटीपी माझ्याच नंबरवर जाणार. आणि तो फोन पांढुर्ण्याच्या दुकानात टेबलावर उघडून पडलेला, रोहिणीचा नंबरही त्यातच. मी मोबाईल काकांना परत केला आणि कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसले. अकरा पस्तीस. संपलं, असं मनात म्हटलं. रडू आलं, तेही फार नाही.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती. नऊवारी पातळ, मांडीवर गाठोडं, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. ती म्हणाली, "काय झालं वो बाई? कायले रडून राहिली?"

मी म्हटलं, "माझा इंटरव्ह्यू होता आजी. हुकला."

"मंग मले सांग ना. थे लोकं काय विचारणार होते?"

"हेच... की हा विषय का शिकायचा आहे."

"कायले शिकाचा हाये?"

आणि मी सांगत सुटले. का ते माहीत नाही. मी सांगितलं की घरात आम्ही टोमॅटोला भेद्रं म्हणतो, शाळेत टमाटर म्हणावं लागायचं, आणि महाराष्ट्रातून आलेल्या पुस्तकात भलतंच लिहिलेलं असायचं. आम्ही 'येऊन राहिलो' म्हटलं की हिंदीच्या सरांना ते मराठी वाटायचं आणि नागपूरच्या पाहुण्यांना हिंदी. मधून एक मालगाडी आली, मी थांबले. ती गेल्यावर आजीनं विचारलं, "तुले स्वतःले लाज वाटली का कधी?"

त्यावर मी जे सांगितलं ते मी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. पाचवीत असताना शाळेत पालकांची मीटिंग होती. आई वावरातून निंदण टाकून तशीच आली होती. तिनं बाईंना काहीतरी विचारलं आणि मागच्या दोन मुली हसल्या. आई जायला वळल्यावर बाईंनी मला विचारलं, "ये तुम्हारी मम्मी हैं?" मी म्हटलं — नाही. मम्मी येऊ शकली नाही. या शेजारच्या काकी आहेत.

दुसरी मालगाडी गेली. आजीनं अजून एक-दोन गोष्टी विचारल्या, मी उत्तरं दिली. मग समोरून तिची मुलताईकडची गाडी लागली, ती गाठोडं उचलून चढली. माझी पॅसेंजर त्यानंतर वीस मिनिटांनी आली. पावणेएकला रोहिणीच्या दारात पोचले. ती दारातच उभी होती. आम्ही दोघींनी मिळून विद्यापीठाला मेल लिहिला की मला हजर राहता आलं नाही, कृपया दुसरी वेळ द्यावी. उत्तर आलं नाही.

तीन आठवडे गेले. मी आशा सोडली होती असं म्हणणार नाही, पण दिवसातून दहादा मेल उघडून पाहणं थांबलं होतं. आणि मग यादी लागली. त्यात माझं नाव. तेही वेटिंगमध्ये नाही, थेट निवड झालेल्यांमध्ये. पुढे इंटरव्ह्यूचे मार्क — आणि ते चांगले होते.

बाबांनी शेजारी पेढे वाटले. मी माझ्या वाटचा पेढा तसाच ठेवला. मला एकच गोष्ट सुचली. मी सरळ रोहिणीकडे गेले.

"खरं सांग. तू बसली होतीस का माझ्या जागी?"

ती आधी हसली. मग तिनं माझा चेहरा पाहिला. "मले थ्या भाषाशास्त्रातला भ तरी येते का? मी दारात उभी राहून तुही वाट पाहून राहिली होती. लॅपटॉपले हात नाई लावला."

"माझा मेल तुझ्याच लॅपटॉपवर उघडा होता, रोहिणी."

तिनं लॅपटॉप आणून माझ्यासमोर आदळला. "पाह्य. सगळं पाह्यून घे."

हिस्ट्रीमध्ये त्या सकाळचं काहीच नव्हतं. पण तेही पुसता येतं, असं मी म्हटलं. हे मी म्हणायला नको होतं. ती म्हणाली, "जाय तू आता."

दोन दिवस मी विचार केला. ॲडमिशनची फी भरायची मुदत जवळ येत होती. काटोलवाल्यांचा फोन येऊन गेला होता. गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण दुसऱ्याच कोणाच्या तोंडून मिळालेल्या जागेवर जाऊन बसायचं... शेवटी मी विभागात फोन लावला. विभागप्रमुख सरच बोलायला आले. माझ्या दुरुस्त झालेल्या मोबाईलचा कानाचा स्पीकर गेलेला होता, त्यामुळे फोन मोठ्या आवाजावर ठेवूनच बोलावं लागायचं. आई तिथंच गहू निवडत होती.

मी म्हटलं, "सर, मैंने इंटरव्ह्यू नहीं दिया था. मैंने मेल भी भेजा था."

"हाँ, मेल देखा था. हमें लगा गलती से आया है." सर म्हणाले. "आपने दिया है. वीडियो बंद था, आवाज़ साफ़ थी. दो बार पीछे से ट्रेन गई, आप रुकीं, हम भी रुके."

माझ्या अंगावर काटा आला वगैरे काही झालं नाही. मी फक्त एवढंच विचारलं, मी काय बोलले?

सरांनी सांगितलं. टमाटर, भेद्रं. येऊन राहिलो. आणि मग म्हणाले, "वो जो आपने अपनी माँ को पड़ोस की काकी बताया था... सच कहूँ, उसी पर हम तीनों एकमत हुए."

फोन ठेवला. आईचे हात गव्हात होते. ती वर न पाहता म्हणाली, "मले ऐकू आलं होतं थ्या दिवशी."

"काय?"

"तू बाईले सांगितलं थे. मी दारातच होती." मग सुपातला एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला. "पाचवीतलं पोरगं थे. त्याले काय समजते. जाय, शिक."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. कितीतरी वेळ आम्ही दोघी गहू निवडत राहिलो. 

संध्याकाळी रोहिणीकडे गेले. ती गोष्ट तिला माहीत असणं शक्यच नव्हतं, त्यामुळे तिनं इंटरव्ह्यू दिला नव्हता हे आता उघड होतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तू मले चोर समजली." मी म्हटलं, हो, समजले. तिनं मग उठून चहा ठेवला.

सरांना मी सगळं लिहून कळवलं होतं. त्यांनी प्रत्यक्ष बोलावलं. बाबा सोबत आले. तिथं तीन प्राध्यापक होते — सर आणि दोन मॅडम. अर्धा तास पुन्हा प्रश्न विचारले. एक मॅडम पूर्ण वेळ डोळे मिटून ऐकत होत्या; शेवटी म्हणाल्या, आवाज हाच. ते लोक इंटरव्ह्यू रेकॉर्ड करत नाहीत. पण हजेरीची नोंद होती, ती सरांनी दाखवली. माझं नाव, फॉर्ममध्ये होतं तसंच. आले अकरा बेचाळीसला, गेले बारा वाजून एक मिनिटाला. सर म्हणाले, तुम्ही स्वतःहून सांगितलं नसतं तर हा विषयच निघाला नसता. आता नवीन मार्क लिहितो, कारण जुन्या इंटरव्ह्यूसाठी आमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही. नवीन मार्कही जवळपास तेवढेच आले. ॲडमिशन झालं. काटोलला बाबांनी नकार कळवला.

इथं हे संपलं असतं. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी आले असताना सौंसरहून पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले, आणि पुढच्या सीटवर तीच म्हातारी. हनुवटीवरचे तीन ठिपके. मी ओळख दिली. तिनंही ओळखलं.

"तिगावच्या टेशनावर होती थे पोरगी न तू? मी मुलताईले लेकीकडे चालली होती तवा."

ती लोधीखेड्याची. नीट शुद्धीवरची बाई, कान-डोळे चांगले. मी म्हटलं, "आजी, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं नसतं तर मी काही बोललेच नसते."

"मी काय विचारलं?"

"हेच... का रडते, कशाला शिकायचं आहे, लाज वाटली का..."

ती माझ्याकडे वळली. "मी तं तुले काईच नाई विचारलं, बाई. तू आली, रडली, अन् मंग एकटीच बोलाले लागली. समोर पाहून. मी म्हटलं पोरगी परीक्षेचं पाठ करून राहिली, कायले मधात बोला."

"माझ्या हातात मोबाईल होता का?"

"नाई. हात मांडीवर होते. गाडी आली का तू चूप बसे, गाडी गेली का पुन्हा सुरू." मग जरा हसून म्हणाली, "अन् मी विचारलंच असतं तं जेवली का म्हणून विचारलं असतं. लाजेचं कायले विचारीन मी?"

पांढुर्णा आलं, ती उतरली. मी तिचं नावही विचारलं नाही... हे नंतर लक्षात आलं.

मी आता एमए संपवत आले आहे. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी आपापलं कारण दिलं. सर म्हणतात सिस्टिममधली गडबड. बाबा म्हणतात, "झालं न ॲडमिशन? मंग सोड." माझा एक मावसभाऊ डॉक्टर आहे, त्याच्या मते मला ऊन लागलं होतं, जूनच्या उन्हात उपाशी माणसाला भास होतात, कोणी आपल्याशी बोलतं आहे असं वाटतं. मला हे पटतं. त्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आजीचे प्रश्न हा माझा भास असणार, मी एकटीच बडबडले असणार. तिथपर्यंत सगळं जुळतं.

पण दूर तिकडे एसीच्या खोलीत बसून, मालगाडी जाईपर्यंत थांबलेल्या त्या तिघांना कोणतं ऊन लागलं होतं — ते मला आजही सांगता येत नाही.