एकशे चाळीसच्या आत

हिदेकाझु मियाचीला चांगलं बोलताच येत नसे. तुम्ही म्हणा, आज ऊन छान पडलंय. तो म्हणणार, मग दुपारी कुणीतरी चक्कर येऊन पडणार. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण मियाचीच्या मनापुढे वैऱ्यानेही हात टेकले असते. बरं, त्याचा दोष तरी किती? जपानमधल्या इन्नोशिमा बेटावरच्या गोदीत अडतीस वर्षं त्याने जहाजांभोवती परांच्या बांधल्या, त्यातली वीस वर्षं मुकादम म्हणून. रोज सकाळी कामाला हात लावायच्या आधी टोळीपुढे कामाचं चित्र टांगायचं आणि चार प्रश्न विचारायचे. धोका कुठे आहे? त्यातला मोठा कोणता? काय करता येईल? आणि आपण काय करणार? चौथं उत्तर ठरलं की सगळ्यांनी बोट रोखून एका सुरात "ठीक!" म्हणून ओरडायचं, मग वर चढायचं. त्याच्या हाताखालचा एकही माणूस कधी वरून पडला नाही. हे तो कुणापुढे बोलला नाही, कारण बोललं की कुणीतरी पडेल, ही भीती होतीच.

त्याची बायको तोशिए म्हणजे दुसरं टोक. परसातली संत्री वादळात झडली तरी हिचं आपलं, "होईल हो सगळं, पुढच्या वर्षी दुप्पट लागतील." दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिसची गाडी दारात येऊन तिला घेऊन जायची आणि दुपारी पिळून काढलेल्या फडक्यासारखी परत आणून सोडायची. त्यातही ही हसून म्हणणार, "आज सुईवाला पोरगा देखणा होता."

मियाचीने एक दिवस सरळ सांगितलं, "माझी एक घे." तपासण्या झाल्या, सगळं जुळलं, वय सहासष्ट असूनही चालणार होतं. घोडं अडलं ते बीपीपाशी. शहरातल्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "तीन महिने देतो. आकडा एकशे चाळीसच्या आत राहायला हवा. नाहीतर तुमची किडनी काढणं तुमच्याच जिवावर बेतेल, आणि ते मी करणार नाही." उठता उठता त्यांनी पुस्ती जोडली, "तुम्ही काळजी फार करता. जरा चांगले विचार करायला शिका."

झालं! आता मियाचीला काळजी करण्याचीच काळजी लागली. आपल्या डोक्यातला एकेक वाईट विचार बायकोच्या आयुष्यातला एकेक दिवस खातो आहे, असं त्याने स्वतःशी पक्कं केलं. सकाळी दंडाला पट्टा बांधून यंत्राचं बटण दाबलं की छाती धडधडायची, आणि आकडा यायचा एकशे अठ्ठावन्न.

गावच्या आरोग्य केंद्रात दर गुरुवारी हामामोतो नर्सबाई 'आनंदी मन' नावाचा वर्ग घ्यायच्या. तिथे सगळ्या म्हाताऱ्या बायका, आणि त्यांच्यात हा एकटा बाप्या. बाईंनी प्रत्येकाला वही दिली: दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहून आणा. पुढच्या गुरुवारी त्यांनी मियाचीची वही मोठ्याने वाचली. "आज तोशिए न्हाणीघरात घसरली नाही. घराला आग लागली नाही. डायलिसिसची गाडी पुलावरून खाली पडली नाही." म्हाताऱ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली.

"अहो मियाचीसान, या चांगल्या गोष्टी आहेत?" बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"मग काय वाईट आहेत?" हा रागावून म्हणाला. "पडली असती तर बरं झालं असतं का?"

घरी तोशिएही मागे लागली होतीच. तोंडातून वाईट शब्द निघाला की, "थू थू! चांगलं बोला!" सकाळ-संध्याकाळ ती दोन पातेल्यांत मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सार करायची. एक तिचं, डायलिसिसवाल्यांचं अगदी अळणी. दुसरं याचं, डॉक्टरांनी सांगितलेल्या बेतशीर मिठाचं. "प्या निवांत," म्हणायची, "अन् मनात म्हणा, आकडा उतरतोय, आकडा उतरतोय." हा मुकाट प्यायचा आणि मनात म्हणायचा. आकडा एकशे साठवर.

दोन महिने सरले आणि एका सकाळी दाढी करता करता त्याच्या ध्यानात आलं, की अरे, आपण पहिल्याच प्रश्नाला चिकटून बसलोय! धोका कुठे, धोका कुठे, आणि तिथेच गाडी थांबली. गोदीत कुणी असं केलं असतं तर त्याने त्याला फैलावर घेतलं असतं. त्या दिवसापासून वहीत तीन चांगल्या गोष्टींऐवजी तो चार प्रश्न लिहू लागला. ती न्हाणीघरात घसरेल; मोठा धोका डायलिसिसच्या दिवशी; दांडी बसवता येईल; उद्या बसवतो. दुसऱ्या दिवशी खरंच बसवली. त्याला झोप लागू लागली. जेवताना तो एकदा चक्क शीळ घालत होता. नर्सबाई म्हणाल्या, "हाच तो चांगला विचार मियाचीसान, आणखी वेगळा काय असतो!"

तरी आकडा एकशे छप्पन. मन ताळ्यावर आलं तरी हा मेला आकडा का उतरत नाही? येत्या सोमवारी शेवटची तपासणी होती, आणि आता मियाची खराखुरा घाबरला. आत आणखी कुठेतरी, आपल्यालाही न दिसणारी काळजी दडून बसली असणार, तिला कुठे शोधायचं?

त्या गुरुवारी वर्गात सार तपासायचं होतं. प्रत्येकाने घरचं सार बाटलीत भरून आणायचं, बाई त्यात मीठ मोजायची कांडी बुडवून आकडा सांगणार. तोशिए डायलिसिसला गेली होती. मियाचीने आपल्या पातेल्यात उरलेलं सार बाटलीत ओतून नेलं. कांडी बुडली. बाईंनी आकडा बघितला, कांडी धुतली, पुन्हा बुडवली.

"हे सार आहे की समुद्र?" मागून एक म्हातारी खिदळली. "गोदीतली जीभ ती! घाम गाळून मीठ चाखणारी. तिला काय कळतंय खारट?"

बाई मात्र हसल्या नाहीत. "मियाचीसान," त्या हळू म्हणाल्या, "तोशिएसानला कमी मिठाचा स्वयंपाक मीच शिकवलाय. तिचा हात चुकत नाही."

मियाची घरी आला आणि बाटली टेबलावर ठेवून बसला. गाडी दोनला यायची होती. घड्याळात पावणेबारा. त्या सव्वादोन तासांत त्याच्या मनात काय काय आलं ते सांगण्यात अर्थ नाही. माझ्यापासून सुटका हवी आहे का हिला? माझं काही घ्यायचंच नाही का? वहीतल्या कोणत्याच प्रश्नाला तो पुरा पडेना.

गाडी आली. ड्रायव्हरने तोशिएला दाराशी आणून सोडलं. ती चपला काढून आत आली, बाटली दिसली आणि तिथेच खाली बसली. दंडावरची पट्टी अजून ओली होती. मियाचीला ओरडायचं होतं. पण तशा चेहऱ्यावर कोण ओरडेल?

"किती घालत होतीस?"

"दीड चमचा."

"कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यात चुकून जास्त पडलं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तुमचा आकडा वाढला. तुम्ही डोक्याला हात लावून बसलात, आणि मला... मला बरं वाटलं हो. मग मी रोजच घालू लागले."

"अगं बाई, मी तीन महिने स्वतःच्या मनाला शिव्या घालतोय! मला वाटलं, माझ्या काळजीपायी तू मरणार! मिठाने माझंच काही झालं असतं म्हणजे?"

"ते नाही हो सुचलं. मला फक्त सुरी दिसत होती. आधी तुम्हाला आत नेतील. धडधाकट माणसाला, माझ्यापायी. तुम्ही उठलाच नाहीत तर? तुमचीच किडनी पोटात घेऊन मी या घरात एकटी जगू? रोज हसत होते, पण एक चांगला विचार मनात येत असेल तर शपथ!"

मियाची तिच्यासमोर जमिनीवर बसला. लग्नाच्या बेचाळीस वर्षांत या बाईच्या तोंडून भीती ऐकली नव्हती, आणि आपण बापडे समजत होतो की घरात घाबरट एकच.

"हा एक धोका झाला," तो म्हणाला. "आता माझा ऐक. मी दोन्ही किडन्या घेऊन ठणठणीत राहतो. नव्वद वर्षं जगतो. आणि तू, त्या यंत्रावर, पुढच्या हिवाळ्यात जातेस. मग या घरात एकटं कुणी जगायचं? सांग की! यातला मोठा कोणता?"

तोशिएने पट्टीची सुटलेली कड दाबून बसवली. मग म्हणाली, "इस्पितळात फोन करा. आणखी महिना मागा. तोवर आकडा उतरेल, मीठ नसलं की उतरेल."

"तू कर."

"मी काय सांगू?"

"खरं ते."

तिने फोन लावला. पलीकडे तारखा देणारी बाई होती. मियाची शेजारी उभा. नाही म्हणाल्या तर? खोटेपणा केलात, शस्त्रक्रियेच्या यादीतून नाव काढतो, म्हणाल्या तर?

तोशिएने आपलं नाव सांगितलं, मिठाचं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. पलीकडची बाई काहीतरी विचारत होती. तोशिए फोन दोन्ही हातांनी धरून ऐकत होती. दोन वर्षं ती सगळ्यांना "असू दे हो, माझं काय" म्हणत आली होती. मियाचीला वाटलं, आताही तेच म्हणणार, आणि त्याने पदर धरावा तशी तिच्या बाहीची कड धरली.

"हो," तोशिए फोनमध्ये म्हणाली. "हवी आहे. मला त्यांची किडनी हवी आहे. मला जगायचंय हो."