ज्याच्यावर राग, त्याचं मंगल

गांधीबागेच्या कापडबाजारात आईंसाठी पांढरी साडी बघत होते, तेवढ्यात यांचा फोन आला. "आई गेली गं... दुपारी झोपली, ती उठलीच नाही." काठ निळा घ्यावा की नको, एवढाच प्रश्न त्या घडीला माझ्यापुढे होता. दुकानदारानं पाणी दिलं आणि मी तिथेच गादीवर बसून ढसाढसा रडले. सासूसाठी एवढं रडणारी सून आमच्या गल्लीत तरी मीच असेन.

आमच्या घरी रोज संध्याकाळी वंदना होते. पंचशील म्हणून झालं की आई डोळे मिटून मैत्री करायच्या, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायच्या. बाकीचे लोक हे मनातल्या मनात करतात. आईंना मनात काही ठेवणं जमतच नसे! त्यांची रीत सरळ होती: ज्याच्यावर राग आला, त्याचं नाव आधी घ्यायचं, तेही मोठ्यानं. "इतवारीतल्या त्या कापडवाल्याचं मंगल होवो, त्यानं कच्चा रंग देल्ला तरी." दिवसभरात कोणाशी वाजलं, ते आम्हाला तेव्हाच कळायचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात एकदा माझं नाव आलं आणि मी तिथल्या तिथे भडकले, "म्हणजे राग आहे तुमचा माझ्यावर!" आई डोळे न उघडता म्हणाल्या, "होता वं. आता बोलली ना, गेला. मले पुरं तं करू दे!" भाजीत मीठ जास्त पडलं होतं, बस. माझं डोकं तापट. पण अशा बाईशी भांडण टिकवणार तरी कसं?

एकच नाव त्यांच्या तोंडून निघत नसे. सख्ख्या धाकट्या बहिणीचं, शांतामावशींचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर या दोघींच्या वडिलांनी घरातले देव नदीत सोडले होते, आणि आईंना त्याचा केवढा अभिमान! पुढे मावशींची नात तापानं फणफणली, काही केल्या उतार पडेना, तेव्हा मावशींनी कुठल्याशा बाबाकडून मंतरलेला काळा धागा आणून तिच्या मनगटात बांधला. एका लग्नात आईंना तो दिसला. भर पंगतीत त्यांनी तो तोडून फेकला. "बापाचं नाव बुडवलं तू!" मावशी ताटावरून उठल्या, त्या कित्येक वर्षं आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

एकदा मी विचारलंच, "कापडवाल्याचं भलं चिंतता, मग मावशींचं काहून नाही?" आई म्हणाल्या, "तिच्यावर राग नाही वं. मले माहीच शरम वाटते. धागा तोडला, ते बरोबरच होतं. पण तिची लेकरासाठी झोप उडाली होती अन् मी तिले चारचौघांत बोलली... मरायच्या आधी एकदा तरी नाव निघालं पाहिजे."

गेल्या उन्हाळ्यात निघालं. वंदना संपली तरी आई हात जोडून बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "शांताचं मंगल होवो... अन् माह्या जिभेचंही." त्यांचा विचार बदलायच्या आत मी फोन लावून त्यांच्या हातात कोंबला. "शांते, चुकलं वं माहं." पलीकडून मावशी अशा कडाडल्या की मलाही ऐकू आलं, "एवढी वर्षं काय करून राहिली होती वं ताई?"

दुसऱ्या दिवशी मावशी पिशवी घेऊन दारात हजर. आठ दिवसांसाठी आल्या त्या राहिल्याच. दोघी बहिणी वरणाच्या फोडणीवरून दिवसभर भांडायच्या आणि संध्याकाळी एकमेकींचं मंगल चिंतायच्या. इतकं सुखाचं भांडण मी दुसरं पाहिलं नाही. त्या दिवसांत आईंचा चेहराच बदलून गेला होता, आणि खरं सांगते, माझंही डोकं जरा थंड झालं.

आईंच्या मागे करायचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या घरी गेले. संध्याकाळी हे, मी आणि मावशी चटईवर बसलो. पंचशील झालं. पुढची मैत्री एरवी आईच सुरू करायच्या... मग मावशींनी पदरानं नाक पुसलं, डोळे मिटले आणि ठसक्यात म्हणाल्या, "ताईचं मंगल होवो, मले न सांगता गेली तरी."