काढायचं उतरत्या चंद्रात, बसवायचं चढत्या

महिन्याच्या एक तारखेला सकाळी बरोबर साडेसातला आमची बेल वाजायची. दार उघडावं तर समोर काकी. उजवा तळहात तोंडासमोर आडवा धरलेला, त्यावर चमचाभर दालचिनीची पूड. मी "अहो काकी, थांबा" म्हणेपर्यंत त्या "बरकत आत, कटकट बाहेर!" असं ओरडून फुंकर मारायच्या. पूड आत यायची, म्हणजे माझ्या नाकात जायची. पुढची दहा मिनिटं मी शिंकत असायचे आणि काकी समाधानाने म्हणायच्या, "बघ, कटकट निघतेय."

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल. नसेल तर सुखी आहात, वाचून सोडून द्या.

कांदिवलीच्या आमच्या चार मजली, बिनालिफ्टच्या सोसायटीत काकी माझ्या समोरच्या दारात राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वतः त्यांनी उभं आयुष्य एका औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं बंद करण्यात घालवलं होतं, आणि कदाचित म्हणूनच गोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. निवृत्तीनंतर भाचीने त्यांना मोठा फोन घेऊन दिला. इतर बायका त्यात केकच्या पाककृती बघतात. काकींना कुठल्याशा परदेशी बाईची चेटूकविद्येची शिकवणी सापडली. इंग्रजी त्यांना अर्धं कळायचं. उरलेलं अर्धं त्या मनाने भरायच्या.

तमालपत्रावर बॉलपेनने इच्छा लिहून ते जाळायचं. पौर्णिमेचं पाणी गच्चीवर काचेच्या बाटलीत चंद्राखाली ठेवायचं आणि महिनाभर घोट घोट प्यायचं. उंबऱ्यावर मिठाची रेघ ओढायची, म्हणजे वाईट शक्ती ओलांडत नाहीत. त्या बाईच्या धुरासाठी लागणारा परदेशी पाला इथे मिळेना, तर काकींनी ओव्याची पानं सुकवून जाळली. आमच्या मजल्यावर आठवडाभर कुणीतरी भजी तळतंय असा वास होता.

हे सगळं देवघराच्या शेजारीच. एकीकडे गणपती, कुलदेवी, समई; दुसरीकडे गोराईच्या किनाऱ्यावरची शिंपली, मोरपीस, जांभळा खडा आणि भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांची अठ्ठ्याहत्तर पानांची गड्डी.

"देवांना चालतं का हे?" मी एकदा विचारलं.

"देव गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत माझ्या सासूबरोबर राहिलेत. त्यांका सवय असा."

चंद्राला तर त्या चक्क मालवणीत, गावच्या देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घालायच्या. संध्याकाळी गच्चीवर हात जोडून, "बा देवा म्हाराजा..." आणि मला कोपराने ढोसायच्या. मी वाळत घातलेले कपडे काढायला आलेली असायचे. "म्हण ना गो!" मग हातात नवऱ्याचे पायजमे घेऊन मला म्हणावं लागायचं, "व्हय म्हाराजा."

दुपारी त्यांच्याकडे पत्ते बघून घ्यायला बायका यायच्या. पैसे घेत नसत. फार तर नारळ. मी मात्र कधी पत्ते काढून घेतले नाहीत. एवढा तरी स्वाभिमान मी राखला होता.

तर एके दिवशी सकाळी माझ्या दारातून स्वयंपाकघरापर्यंत मुंग्यांची रांग. उगम शोधत गेले तर समोरचा उंबरा. काकींनी मिठाऐवजी साखरेची रेघ ओढली होती.

"काकी, ही साखर आहे."

"काहीतरीच. पांढरं आहे ना?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की काकींना दिसत नाहीये. हाताला धरून बोरिवलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर तरुण मुलगी, शांत आवाजाची. म्हणाली, "उजवा खूप पिकलाय, आजी. आणखी थांबलात तर काढणं अवघड जाईल. नजर जाऊही शकते. जुनं भिंग काढायचं, नवं बसवायचं, वीस मिनिटांचं काम."

"काढणं आणि बसवणं, दोन्ही एकदम?" काकींनी विचारलं.

"हो, एकदमच."

रिक्षात बसल्यावर काकी म्हणाल्या, "जमणार नाही."

"का?"

"काढायचं ते उतरत्या चंद्रात. बसवायचं ते चढत्या चंद्रात. हा नियम आहे. दोन्ही एकदम कसं होईल?"

"मग काय करायचं म्हणता?"

"तिला सांग, आधी काढ. पंधरा दिवसांनी बसव."

"आणि मधले पंधरा दिवस डोळ्यात काय ठेवायचं? कापूस?"

रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. मी त्याला म्हटलं, दादा, तुम्ही पुढे बघा, निदान तुम्हाला तरी दिसतंय.

पुढचे चार महिने मी जे काही केलं ते सांगत नाही. समजावलं, भांडले, अबोला धरला. भाचीला फोन केला, तर भाची म्हणे, मावशी माझं ऐकत असती तर! आणि काकी रोज थोड्या थोड्या आंधळ्या होत होत्या. जिना उतरताना पायाने पायरी चाचपायच्या. दूध उतू गेल्याचं वासाने कळायचं. पत्ते मात्र चालू होते. येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सांगायच्या, "छान पान आलंय गो, सगळं चांगलं होणार." बायका खूश होऊन जायच्या.

मग ती दुपार आली. समोरून काकींची हाक आली, नेहमीची नव्हे. धावत गेले तर एका हातात जळतं तमालपत्र आणि पदराच्या टोकाला ज्योत. काकी ज्योत शोधत स्वतःभोवती गोल फिरत होत्या. कोपऱ्यात पाण्याची बाटली दिसली, ती मी त्यांच्यावर उपडी केली.

"अगो, ती पौर्णिमेची!"

"पौर्णिमा गेली खड्ड्यात!" मी ओरडले. आग विझली. दंडावर रुपयाएवढा फोड आला, बाकी काही नाही. पण काकी खाली बसल्या आणि चाचपत त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "मला वाटलं, तू पेटलीस. तुझ्याच दिशेला उजेड होता."

ते ऐकून माझं भांडण संपलं. घरी आले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि चष्मा लावून तिथी वाचायला बसले. नवरा म्हणाला, "तू पण?" मी म्हटलं, "गप्प बस." जी बाई नियम मोडणार नाही, तिला नियमातच फट शोधून द्यायला हवी. आणि फट होती! अमावास्या ज्या मिनिटाला संपते, त्याच्या अलीकडे चंद्र उतरता, पलीकडे चढता. त्या मिनिटाच्या आधी भिंग काढायचं, नंतर बसवायचं. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ऑपरेशनं करायची. पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी अमावास्या संपत होती सकाळी दहा अडतीसला.

मी धावत समोर गेले. काकींनी बोटांवर हिशेब केला, दोनदा केला. मग माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, जणू वर्गातला सर्वांत ढ मुलगा पास झालाय. "शिकतेस हां तू."

डॉक्टरला वेळ सांगताना मला लाजेने मेल्यासारखं झालं. ती मात्र हसायला लागली. "अमावास्येला? अहो, अमावास्येला माझ्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. दहा तीस म्हणता? घ्या की."

शुक्रवारी आम्ही साडेनऊलाच हजर. काकींना हिरवा झगा, हिरवी टोपी. थेंब घातले. आणि दहाला निरोप आला की डॉक्टरांची गाडी हायवेवर अडकली आहे. सव्वादहा. साडेदहा. मी भिंतीवरच्या घड्याळाला मनातल्या मनात शिव्या देत होते. स्वतःची शरम वाटत होती, पण देत होते. डॉक्टर आली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

काकींनी विचारलं, "किती वाजले गो?"

घड्याळ त्यांच्यासमोरच होतं. त्यांना दिसत नव्हतं.

"दहा पस्तीस," मी म्हटलं. "चला, पळा आत."

दारात त्या थांबल्या. हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माझ्या डोळ्यार जा काय मळब इला असा, तां दूर कर रे म्हाराजा!" मी "व्हय" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून स्ट्रेचर पुसणाऱ्या आयाबाईंचा खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" त्या देवगडच्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. काकींनी डॉक्टरकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू एवढी जाड कधी झालीस गो?" चार महिन्यांच्या धावपळीचं हे फळ.

दुसरा डोळाही पुढे अमावास्येलाच झाला. आता लांबचं लख्ख दिसायला लागलं, जवळचं बघायला चष्मा मिळाला. आणि नवंच संकट उभं राहिलं. काकींना पत्ते दिसू लागले! पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस दिसला, घोड्यावरचा सांगाडा दिसला. दिसेल तसं त्या सांगायला लागल्या. पहिल्या मजल्यावरची वहिनी रडत घरी गेली. तिसऱ्या मजल्यावरची मला जिन्यात गाठून म्हणाली, "डॉक्टरला सांगून काकींचा नंबर जरा कमी करून घ्या ना. आधी किती चांगलं बघायच्या!" महिन्याभरात दुपारची गर्दी संपली. काकी एकट्याच गड्डी पिसत बसायच्या.

मग गावाहून फोन आला. त्यांची थोरली बहीण अंगणात पडली होती, खुबा मोडला होता, बघायला कुणी नव्हतं. काकी गेल्या. त्याला आता दोन वर्षं झाली. बहीण अंथरुणातून उठली नाही आणि काकी परतल्या नाहीत. घर भाचीने भाड्याने दिलंय. तिथलं तरुण जोडपं फार सभ्य आहे, एक तारखेला कुणी बेल वाजवत नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या बॅगा बांधायला गेले होते. गड्डी सर्वांत शेवटी ठेवायची होती. ती हातात धरून त्या म्हणाल्या, "स्वतःसाठी पान काढायचं नसतं. तू विचार."

"काय विचारू?"

"काय ते तुला ठाऊक आहे."

मी त्यांच्यासमोर मांडी घातली. पहिल्यांदाच. "काकी परत येणार का?"

मी पान ओढलं, त्यांनी उघडलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण चित्र तर दिसत होतं. आठ पेले मागे टाकून एक माणूस पाठमोरा, काठी टेकत डोंगराकडे चालला होता.

काकी चष्म्यातून त्या पानाकडे खूप वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला, मिटून डबीत ठेवला, डबी बंद केली. पान पुन्हा डोळ्यांजवळ धरलं आणि हसल्या.

"छान पान आलंय गो," त्या म्हणाल्या. "गणपती झाले की येते."