सावली सरकली की गाडी सरकते

न चोरलेल्या गाडीची चोरी मी एकदा भर कचेरीत जाहीर केली होती. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची कोवळी पोर होते, चुका व्हायच्याच.

लातूरच्या आमच्या सरकारी कचेरीत साहेबांच्या गाड्यांना पत्र्याचं शेड होतं आणि आम्हा कर्मचाऱ्यांना मागचा लिंब. तिथं राखणीला दगडूमामा. कंत्राटावरचे, साठीला टेकलेले. ऊन फिरलं की एकेक स्कूटी ढकलत सावलीत न्यायचे. कुणी हँडल लॉक करून गेलं की ओरडायचे, "म्याडम, सावली सरकती, मग गाडी नको का सरकाया?" संध्याकाळी गार सीटवर बसताना आम्ही त्यांना साधं 'बरं झालं मामा'सुद्धा म्हणत नसू.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी लिंबाखाली येते तर माझी स्कूटी नाही! मामा वाकून एकेका गाडीचा नंबर बघू लागले. मी आवाज चढवला, "ढकलता तुम्हीच, मग सांगा की कुठं गेली!"

गलका ऐकून साहेब खाली आले. "गाडी सापडली नाही तर उद्यापासून येऊ नका," म्हणाले. मामा पुन्हा पहिल्या गाडीपासून बघत निघाले.

पोलिसांत द्यायला गाडीचे कागद हवेत म्हणून मी पर्स उलटी केली. त्यातून सकाळचं औसा-लातूर तिकीट पडलं. अर्धं! त्या अर्ध्याच्या हौसेनं स्कूटी घरी दारात ठेवून मी एसटीनं आले होते. खिडकीपाशी, राणीसारखी बसून.

तिकीट गुपचूप पर्समध्ये कोंबावं, असं क्षणभर वाटलं. खोटं कशाला सांगू? पण मामा तिसऱ्यांदा पहिल्या गाडीपाशी वाकले आणि मला राहवेना. तिकीट साहेबांपुढं धरलं. "मामांना काही बोलू नका, साहेब. गाडी घरीच आहे आणि माझं डोकंही औशालाच राहिलंय."

सगळी कचेरी हसली. मामा मात्र लिंबाच्या पारावर मटकन बसले. मी जवळ जाऊन म्हणाले, "मामा, चुकलं माझं." त्यांनी माझ्या हातातलं तिकीट घेतलं, लांब धरून नीट वाचलं आणि मोठा श्वास सोडला.

"गाडीला न्हाई म्याडम, म्या डोळ्यालाच भ्यालो होतो. तीनदा बघितलं, दिसंनाच. गाडी औशात हाय म्हंजे डोळे जाग्यावर हायेत माझे. उद्या आणा गाडी, पर ह्यांडल मोकळं सोडा."